कोळ्याच्या पिल्लाचा पहिला घास

#थ्रेड 🧵

टॅरंट्युला म्हटले की तळहाताएवढा केसाळ कोळी डोळ्यांसमोर उभा राहतो. अंडकोशातून नुकतेच बाहेर पडलेले त्याचे पिल्लू मात्र जेमतेम मसुरीच्या दाण्याएवढे असते. आज जगभरातील छांदिष्ट अशी पिल्ले लहान डब्यांत वाढवतात आणि त्या सर्वांपुढे पहिला प्रश्न एकच असतो : याला खायला काय द्यायचे? उत्तरादाखल जे कीटक सुचवले जातात, त्यांपैकी प्रमुख तिघांचा मूळ धंदा वेगळाच होता. एक आला आनुवंशिकीच्या प्रयोगशाळेतून, दुसरा मासेमारीच्या गळावरून आणि तिसरा धान्याच्या कोठारातून. ते कोळ्याच्या पिल्लापर्यंत कसे पोहोचले, त्याचा हा इतिहास.

हा कोळी काय खातो, यावर युरोपात दीडशे वर्षे वाद चालला होता. मारिया सिबिला मेरियन ही चित्रकार आणि कीटक-अभ्यासक १६९९ ते १७०१ या काळात सुरिनाममध्ये राहिली. १७०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या ग्रंथात पेरूच्या फांदीवर बसून एका इवल्या गुंजन पक्ष्याला खाणारा मोठा कोळी चितारलेला आहे. लिनियसने १७५८ मध्ये या कोळ्याला नाव देताना ‘पक्षी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘अविक्युलेरिया’ हा शब्द योजला. पुढे विल्यम शार्प मॅक्‌ले याने क्यूबातील आपल्या निरीक्षणांच्या बळावर १८३४ मध्ये मेरियनचे म्हणणे साफ खोटे ठरवले. एका बेटावरचे कोळी पाहून दुसऱ्या देशातील कोळ्यांविषयी निकाल देण्याची ही घाई होती. पण मेरियनची बाजू मांडायला ती स्वतः हयात नव्हती.

तिची बाजू सावरली गेली १८६३ मध्ये. ॲमेझॉनच्या खोऱ्यात अकरा वर्षे काढलेल्या हेन्री वॉल्टर बेट्सने आपल्या प्रवासग्रंथात, कोळ्याच्या तावडीत सापडलेले दोन छोटे पक्षी स्वतः पाहिल्याचे नोंदवले. त्याच ग्रंथात आणखी एक दृश्य आहे. एका आदिवासी कुटुंबातील मुले असाच एक मोठा कोळी कमरेला दोरी बांधून, कुत्र्याला फिरवावे तसा घरभर फिरवत होती. टॅरंट्युला ‘पाळण्या’च्या जुन्या लेखी वर्णनांत या दृश्याची गणना करायला हवी.

तो कोळी अर्थातच पूर्ण वाढलेला होता. पुढच्या शंभर वर्षांतही पिल्लांकडे कोणी फारसे वळले नाही. कारण साधे होते. अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठाचे विल्यम बेर्ग यांनी अनेक वर्षे टॅरंट्युला पाळून अभ्यासले. तेथील नराला वयात यायलाच दहा-बारा वर्षे लागतात असे त्यांना आढळले. (हे तेच बेर्ग, ज्यांनी १९२२ मध्ये विषारी ‘ब्लॅक विडो’ कोळ्याचा दंश मुद्दाम स्वतःच्या अंगावर घेऊन परिणाम नोंदवले होते.) दहा वर्षे पिल्लू कोण सांभाळणार? बिळातून वाढलेली मादी उकरून काढणे व्यापाऱ्याला केव्हाही स्वस्त होते.

या हिशेबाची किंमत मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या कोरड्या जंगलांनी मोजली. काळ्या पायांवर नारिंगी गुडघे असलेला ‘ब्रॅकिपेल्मा स्मिथी’ हा देखणा आणि शांत कोळी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य बाजारात अतिशय लोकप्रिय झाला. मादी एका वेळी शेकडो अंडी घालते हे खरे. पण तिच्या जागी दुसरी मादी तयार व्हायला जवळजवळ दशक जाते. अखेर १९८५ मध्ये वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात या प्रजातीचा समावेश झाला आणि १९९४ च्या परिषदेत संपूर्ण ब्रॅकिपेल्मा कुळी त्यात आली. मुक्त व्यापाराला बांध बसला, तशी बंदिस्त प्रजननाची गरज वाढली. बंदिस्त प्रजनन म्हणजे एका अंडकोशातून निघालेली शेकडो पिल्ले. ती एकत्र ठेवली तर एकमेकांना खातात, म्हणून प्रत्येकाला वेगळी डबी. आणि प्रत्येक डबीत त्या पिल्लाच्या पोटाहून मोठी नसलेली शिकार.

एवढी लहान शिकार आणायची कोठून? उत्तर न्यूयॉर्कमध्ये आधीच तयार होते.

कोलंबिया विद्यापीठातील थॉमस हंट मॉर्गन यांची खोली दुधाच्या बाटल्यांनी आणि केळ्यांच्या वासाने भरलेली असे. त्या बाटल्यांत वाढत होती ती आपल्या स्वयंपाकघरात पिकल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटे, शास्त्रीय नाव ‘ड्रॉसोफिला मेलानोगॅस्टर’. १९१० मध्ये मॉर्गन यांना तेथे लाल डोळ्यांच्या माश्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला आणि त्यातून गुणसूत्रांचा आधुनिक अभ्यास उभा राहिला. १९३३ चे नोबेल पारितोषिक त्याचेच फळ. कोळी पाळणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र त्याच सुमारास हाती आलेली दुसरी विकृती अधिक मोलाची ठरली. त्या माश्यांचे पंख खुरटलेले होते आणि त्यांना उडता येत नव्हते.

संशोधकांसाठी हा वारशाच्या नियमांचा पुरावा होता. पुढे शोभेचे मासे आणि लहान बेडूक पाळणाऱ्यांनी, मग कोळी पाळणाऱ्यांनी, त्याच्याकडे अन्न म्हणून पाहिले. अडीच-तीन मिलिमीटरची, डबीतून न उडणारी, दहा-बारा दिवसांत नवी पिढी देणारी शिकार याहून सोयीची कोणती? मॉर्गन यांचे नियम येथेही पाठ सोडत नाहीत. खुरट्या पंखांचा गुण अप्रभावी असल्यामुळे बाटलीत एक जरी रानटी माशी शिरली, तरी पुढची पिढी उडू लागते. शिवाय उष्णता फार वाढली, तर याच वाणाच्या माश्यांचे पंख पुन्हा लांब वाढतात. पिल्लू थोडे मोठे झाले की ‘ड्रॉसोफिला हायडेई’ ही अंमळ थोराड बहीण देता येते. तिच्या पिढीला मात्र वेळ अधिक लागतो.

दुसरा कीटक रातकिडा, म्हणजे ‘अकेटा डोमेस्टिकस’. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेच्या जॉर्जिया, लुईझियाना यांसारख्या दक्षिणी राज्यांत रातकिड्यांची शेते उभी राहिली, ती गळाला लावायच्या आमिषासाठी. पाळीव सरड्यांची बाजारपेठ नंतर आली, कोळ्यांची त्याहून नंतर. नुकता जन्मलेला रातकिडा टाचणीच्या डोक्याएवढा असतो, म्हणून तो पिल्लांना चालतो. परंतु येथे जोखीम आहे. कात टाकताना कोळ्याचे पिल्लू पाठीवर पडून असते, त्याची नवी त्वचा आणि विषदंत मऊ असतात. त्या वेळी डबीत राहून गेलेला भुकेला रातकिडा त्यालाच कुरतडून मारू शकतो. म्हणूनच न खाल्लेली शिकार दुसऱ्या दिवशी काढून टाकण्याचा दंडक पडला.

एकाच किड्यावर विसंबण्याची दुसरी जोखीमही लवकरच उघड झाली. या रातकिड्यांना मारणारा डेन्सोव्हायरस युरोपात १९७७ मध्येच वर्णिला गेला होता. २००९-१० मध्ये तो उत्तर अमेरिकेच्या शेतांत पसरला. मोठे रातकिडे उताणे पडून लुळे होत आणि मरत. काही जुनी शेते कायमची बंद पडली. इतरांनी वेगळ्या जातींचे रातकिडे आणले. त्यांपैकी दुसऱ्याच नावाने विकल्या जाणाऱ्या एका जातीला तर शास्त्रीय नावच २०१२ मध्ये मिळाले, ‘ग्रिलस लोकोरोहो’. झुरळांची पिल्ले खाद्य म्हणून अधिक दिसू लागली. माणसाला किंवा कोळ्याला या विषाणूची बाधा होत नाही. अडचण होती ती ताटच रिकामे होण्याची.

तिसरा कीटक पिठातली अळी, ‘टेनेब्रियो मोलिटर’. कोठारांची ही जुनी शत्रू. सुटी सोडली तर ती मातीत घुसते आणि काही दिवसांनी भुंगा होऊन वर येते. म्हणून तिचे तुकडे करून देतात. जिवंत शिकारीवर झडप घालणारा कोळी मेलेला तुकडा खाईल का, ही शंका रास्त आहे. पण कोळी घास चावून गिळत नाही. तो शिकारीवर पाचकरस सोडून विरघळलेला भाग शोषतो, आणि लहान पिल्ले मेलेल्या कीटकावरही निमूटपणे ताव मारतात. ज्याच्याकडे माश्यांची बाटली नाही, त्याचे काम या एका गोष्टीमुळे भागते.

या कथेचा एक धागा मुंबईत येतो. १८९९ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आर. आय. पोकॉक यांनी आंध्रातील गुत्ती येथे मिळालेल्या एका कोळ्याचे वर्णन केले. हा गडद निळा ‘पेसिलोथेरिया मेटॅलिका’. त्यानंतर शंभर वर्षे तो कोणाला दिसला नाही. २००१ मध्ये तो पुन्हा सापडला, पण गुत्तीत नव्हे. तेथून सुमारे शंभर किलोमीटरवर, नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात. मूळ नमुना गुत्तीला लाकडांबरोबर रेल्वेने आला असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

पुनर्शोधानंतर काही वर्षांतच हा कोळी युरोप-अमेरिकेच्या छंदजगतात पोहोचला आणि खुरट्या पंखांच्या माश्यांवर त्याच्या पिढ्या वाढू लागल्या. आता तो तेथे डब्यांत सहज मिळतो. त्याच्या मूळ जंगलात लाकूडतोड चालूच राहिली. २००८ मध्ये त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून झाली, आणि संपूर्ण पेसिलोथेरिया कुळी साइट्सच्या यादीत येण्यास २०१९ उजाडले.