ट्रेलर टायर
ट्रेलर टायर हे मोटारीमागे जोडून ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरसाठी बनवलेले टायर होत. अमेरिकेत त्यांच्या आकारमानाआधी 'एसटी' ही अक्षरे असतात. कमी हवा, अतिभार व अतिवेग यांमुळे टायर तापून त्याचे थर सुटतात व तो फुटतो. दुहेरी आसाच्या ट्रेलरमध्ये फुटलेल्या टायरचा भार त्याच बाजूच्या दुसऱ्या टायरवर पडतो. म्हणून त्याचीही तपासणी आवश्यक असते. नक्षी शाबूत असली, तरी वयोमानाने रबर कमकुवत होते. 'डीओटी' संकेतांकाचे शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा व वर्ष दर्शवतात, उदा. २३१९ म्हणजे २०१९ मधील २३वा आठवडा.

१५ इंची टायरमध्ये 'डी' भारश्रेणीचा कमाल दाब सामान्यतः ६५ पीएसआय, तर 'ई' श्रेणीचा ८० पीएसआय असतो. वरची श्रेणी निवडताना रिमही तेवढा दाब सोसणारी लागते. मात्र त्यामुळे ट्रेलरची भारक्षमता वाढत नाही.