जिप्सी : एका सरकारी तट्टाचा इतिहास

हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी, सरकारी आवाराच्या मागील बाजूस, काही जुन्या मारुती जिप्सी गाड्या ओळीने उभ्या करून ठेवलेल्या मी पाहिल्या. कोणाचे टप फाटलेले, कोणाच्या दिव्यांत पावसाचे पाणी साचलेले. प्रत्येकीच्या काचेवर खडूने एक क्रमांक घातलेला. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपुष्टात आणणारा केंद्र सरकारचा नियम अमलात आला होता, आणि या गाड्या त्याच्या कक्षेत आल्या होत्या. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेसाठी वापरल्या जाणाऱ्या विशेष वाहनांना नियमातून सूट होती. वनखात्याच्या आणि महसुलाच्या गाड्यांना ती नव्हती. कचेरीच्या भाषेत त्या निर्लेखित झाल्या होत्या. आपल्या घरगुती भाषेत, कंडम.

त्या ओळीपुढे क्षणभर थांबल्यावाचून मला पुढे जाववले नाही. घोडे, हत्ती, तोफा यांची नोंद इतिहासकार आदराने घेतात. परंतु ज्या वाहनात बसून अर्ध्या शतकाच्या राज्यकारभाराने खेड्याची वाट तुडविली, त्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. तो लिहिण्याचा हा एक अल्प प्रयत्न आहे.

राज्य चालवावयाचे तर राज्यकर्त्याने फिरले पाहिजे, हे तत्त्व मराठी माणसास नवीन नाही. भीमा-नीरेच्या खोऱ्यात निपजलेले भीमथडीचे तट्टू दिसावयास देखणे नव्हते. ते अंगाने लहान, खाण्यास थोडे आणि चालीस चिवट असे. मराठ्यांच्या घोडदळाची दूरवरची दौड अशा तट्टांच्या पाठीवर झाली. भव्य घोडा दरबारात शोभतो. मुलूख पालथा घालावयास तट्टूच लागते. राजधानीतील वाहन आणि मुलुखातील वाहन यांमधला हा भेद पुढे यंत्रयुगातही टिकून राहिला.

यंत्रयुगातील पहिले तट्टू म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, अमेरिकेतील विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार केल्या. युद्ध संपल्यावर १९४९ साली मुंबईत माझगाव येथे महिंद्र कंपनीने विलीजच्या सुट्या भागांतून जीप जुळविण्यास प्रारंभ केला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप हे खेड्यातील मुलांना सरकारचे पहिले दर्शन ठरले. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरण आघाडीवर कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी पाकिस्तानी रणगाडे निकामी केले, तेही जीपवर बसविलेल्या तोफेच्या साहाय्याने. १९६९ पासून जबलपूरच्या वाहननिर्माणीतून निसानच्या आराखड्यावर बांधलेली जोंगा बाहेर पडू लागली. सहा सिलिंडरांचे, जवळजवळ चार लिटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन असलेली ही गाडी बलाढ्य होती आणि तिची तहानही त्याच मापाची होती. १९९९ साली तिचे उत्पादन थांबले. पण त्यापूर्वीच एक लहानखुरी गाडी तिची जागा घेऊ लागली होती.

या लहानखुऱ्या गाडीचे कूळ जपानचे. तेथे छोट्या मोटारींना करात सवलत मिळे. मात्र त्यासाठी गाडीची लांबी तीन मीटरांच्या आत आणि इंजिन ३६० घनसेंटिमीटरांच्या आत असावे लागे. होप नावाच्या एका लहान कंपनीने या मर्यादेत बसणारी चारही चाकांना गती देणारी गाडी केली. परंतु तिला ती फारशी खपविता आली नाही. सुझुकीने तिचे हक्क विकत घेतले, आणि १९७० साली स्वतःचे ३५९ घनसेंटिमीटरांचे इंजिन घालून ती बाजारात आणली. लांबी मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून जादा चाक मागे न टांगता आत ठेवण्यात आले होते. काटकसरीतून जन्मलेल्या या गाडीचा वंश पुढे वाढत गेला. १९८१ साली मारुती उद्योग स्थापन झाला, १९८२ साली त्याचा सुझुकीशी करार झाला आणि १९८३ च्या डिसेंबरात गुडगावहून पहिली मारुती ८०० बाहेर पडली. त्यानंतर दोनच वर्षांनी, डिसेंबर १९८५ मध्ये, त्या जपानी वंशातील लांब सांगाड्याची गाडी जिप्सी या नावाने भारतात आली.

तिची रचना एका परिच्छेदात सांगता येईल इतकी सोपी होती, आणि हाच तिचा पहिला गुण. शिडीच्या आकाराचा पोलादी सांगाडा, त्यावर बसविलेला पत्र्याचा डबा, चारही चाकांवर बैलगाडीची आठवण करून देणारे पोलादी पाटे, ९७० घनसेंटिमीटरांचे पेट्रोल इंजिन आणि गिअरच्या दांड्याशेजारी पुढील चाके जोडणारा दुसरा दांडा. सुरुवातीच्या गाड्यांत तो दांडा ओढण्याआधी खाली उतरून पुढील दोन्ही चाकांच्या मध्यावरची कळ हाताने फिरवावी लागे, मग पाऊस असो की चिखल. वजन सुमारे एक टन. एवढ्या हलक्या गाडीचे चाक रुतले, तर चार माणसे ती उचलून बाजूस ठेवीत. जोंगाच्या बाबतीत असा विचारही कोणाच्या मनात आला नसता.

तेहतीस वर्षांत तिच्यात बदल झाले ते बोटांवर मोजण्याइतके. १९९३ साली चाकांमधील रुंदी वाढविण्यात आली. १९९६ साली १२९८ घनसेंटिमीटरांचे, साठ अश्वशक्तीचे इंजिन आले आणि तिला किंग ही पदवी मिळाली. २००० साली त्याच इंजिनाची शक्ती ऐंशीपर्यंत नेण्यात आली. बाह्य रूप मात्र जवळजवळ तेच राहिले. १९८६ साली जिप्सीवर हात बसलेला मेस्त्री २०१६ सालची जिप्सीही त्याच पान्ह्यांनी खोलू शके. ही गोष्ट शहरातील गृहस्थास क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या गावी सर्वांत जवळचे मोठे गॅरेज दीडशे किलोमीटरांवर असते, तेथे सुटे भाग टपरीवर मिळणे आणि ते बसविणारा माणूस नाक्यावर भेटणे, याचे मोल काय असते हे दूरवर नेमणूक झालेल्या प्रत्येक अधिकाऱ्यास ठाऊक आहे.

खाजगी ग्राहकांत तिचा खप बेताचाच राहिला. तिला खरा आश्रय दिला तो सरकारने. एकट्या भारतीय सैन्याने तीस हजारांहून अधिक जिप्सी घेतल्या. पोलीस, वनखाते, सीमेवरील दले, जिल्ह्याच्या कचेऱ्या या सर्वांनी ती स्वीकारली. हौशी चालकांनीही तिची परीक्षा घेतली. १९९९ पासून हिमाचल आणि लडाखच्या घाटांत भरणाऱ्या रेड द हिमालय या शर्यतीत ती त्यांची आवडती गाडी होती. राजधानीत अधिकाराचे चिन्ह होते अँबॅसॅडर. पांढरे पडदे आणि तांबडा दिवा तिच्याच अंगावर शोभे. परंतु जेथे डांबर संपते तेथे अँबॅसॅडर थांबे आणि जिप्सी पुढे निघे. दरबारचा घोडा आणि मुलखाचे तट्टू हा जुना भेद पुन्हा एकदा दृष्टीस पडला, एवढेच.

तिच्यात सुख म्हणून काही नव्हते. पाट्यांचे हिसके पाठीच्या मणक्यांत मोजता येत. कापडी टपातून धूळ येई, पावसाळ्यात पाणी येई, आणि थंडीत वारा येई तो तर कोणाचीही परवानगी न घेता. घाटात इंजिनाचा आवाज असा चढे की शेजाऱ्याशी बोलणे म्हणजे भांडणेच. तरीही बदली होऊन निघालेला अधिकारी निरोपाच्या वेळी बंगल्याकडे जितका वळून पाहत नसे, तितका या गाडीकडे पाही. असे का व्हावे? मला वाटते, सुखाने सवय जडते, आणि सोबतीने माया. ज्या गाडीने दरड कोसळलेल्या रात्री आपणास खाली आणले, निवडणुकीच्या पेट्या नदीच्या पात्रातून पार नेल्या, अडलेल्या बाळंतिणीला वेळेवर रुग्णालयात पोहोचविले, तिचे उणेपण पुढे आठवत नाही. तिने दगा दिला नाही एवढेच आठवते.

परंतु इतिहास लिहावयाचा तर केवळ मायेने भागत नाही. त्या आवारात माझ्याजवळ एक निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा वनखात्याचा चालक उभा होता. मी जिप्सीचे गुणगान केले, तेव्हा तो नम्रपणे ऐकत राहिला. मग हिंदीत म्हणाला, “साहेब, आपण नेहमी पुढे बसलात. मागे बसणाऱ्यांना एकदा विचारून पाहा.”

त्या एका वाक्याने माझा अर्धा लेख खोडून टाकला. जिप्सीच्या मागील भागात आडवी, समोरासमोर बाके असत. त्यांवर वनरक्षक, शिपाई, पटवारी, मजूर गुडघ्याला गुडघा लावून बसत. घाटाच्या वळणावर धरावयास लोखंडी नळी, आणि गाडी उलटलीच तर वर कापड. समोरून धडक झाली असता आतील माणसाचे रक्षण करील अशी हवेची पिशवी नव्हती. चाके घसरू न देणारी ब्रेकची व्यवस्था नव्हती. ज्या साधेपणाची आम्ही स्तुती करीत होतो, त्याची किंमत पुष्कळदा मागच्या बाकावरून दिली जात होती. आमचे प्रेम खरे होते. परंतु ते पुढच्या आसनावरचे प्रेम होते.

म्हणून जिप्सीचा शेवट कायद्याने केला यात मला अन्याय दिसत नाही. धडकेच्या परीक्षेचे नियम जुन्या नमुन्याच्या गाड्यांना १ ऑक्टोबर २०१९ पासून लागू व्हावयाचे होते. ब्रेकसंबंधीचा नियम त्याच वर्षीच्या एप्रिलात आला. आणि धुराचे नवे, कडक प्रमाण १ एप्रिल २०२० पासून अमलात यावयाचे होते. १९८५ साली आलेला, आणि त्याहूनही जुन्या कल्पनेवर उभारलेला हा सांगाडा या तिन्ही कसोट्यांस उतरविणे म्हणजे नवी गाडीच बांधणे होते. २०१९ च्या प्रारंभी सामान्य ग्राहकांसाठी जिप्सी बंद झाली. सैन्यासाठी मात्र त्यानंतरही ती बांधली गेली. २०२० सालीही तिच्या तुकड्या सैन्याकडे रवाना होत होत्या.

असा प्रसंग काही आपल्याच देशात घडला असे नाही. इंग्लंडातील सॉलिहल येथे २९ जानेवारी २०१६ रोजी जुन्या लँडरोव्हर डिफेंडरची शेवटची गाडी बाहेर पडली. १९४८ पासून चाललेली, वीस लाखांहून अधिक गाड्यांची ती परंपरा सुरक्षिततेच्या आणि धुराच्या नियमांपुढेच थांबली. मायदेशापासून दूर, शेतांत आणि वाळवंटांत, त्या गाडीवरही लोकांनी असाच जीव लावला होता. योगायोग असा की, त्या वेळी तो कारखाना मुंबईच्या टाटांच्या मालकीचा झालेला होता. डिफेंडरचे नाव नव्या गाडीला देण्यात आले. जिप्सीच्या वंशातील जिम्नीही जून २०२३ मध्ये भारतात विक्रीस आली. तिला सहा हवेच्या पिशव्या आहेत, पाट्यांच्या जागी स्प्रिंगा आहेत आणि मागचे आसन समोर पाहणारे आहे. चालकाच्या प्रश्नाचे उत्तर तिने दिले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मग शोक कशाचा करावयाचा? पत्र्याचा नव्हे, पाट्यांचा नव्हे. शोक करण्याजोगी गोष्ट एकच : जी वस्तू चालविणाऱ्याला समजत होती आणि वापरणाऱ्याला दुरुस्त करता येत होती, ती गेली, आणि तिच्याबरोबर प्रत्यक्ष जाऊन पाहण्याची सवयही जाण्याचा धोका आहे. पडद्यावर आता नकाशा दिसतो, छायाचित्र दिसते, अहवाल तर क्षणात येतो. मात्र वाहून गेलेल्या पुलाच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर काय लिहिले आहे, हे तेथे जाऊनच वाचावे लागते. जिप्सीने आम्हाला तेथपर्यंत नेले. नवी गाडी अधिक सुखरूप नेईल. पण निघावयाचे की नाही, हे ठरविणे गाडीच्या हाती कधीच नव्हते.

ताडोबाच्या जंगलात आजही उघड्या जिप्सीतून लोक वाघ पाहावयास जातात, आणि पुष्कळ मराठी मुलांना ही गाडी तेवढ्यापुरतीच ठाऊक असेल. त्या आवारातून निघताना मी चालकास विचारले की, या ओळीत त्याची गाडी कोणती. त्याने सातव्या क्रमांकाकडे बोट केले. मग जवळ जाऊन त्याने तिचे मागचे झडप उघडले, बाकावरची पाने झटकली आणि मला म्हणाला, “बसा साहेब, एकदा इथे.” मी बसलो. गुडघे समोरच्या बाकाला टेकले. गाडी जागची हलणार नव्हती, तरी माझा हात आपोआप लोखंडी नळीकडे गेला.