‘लेस’ आणि ‘फ्यूअर’

इंग्रजींत ‘लेस’ व ‘फ्यूअर’ या दोन्ही शब्दांचा अर्थ ‘कमी’ असाच. परंतु मोजतां येणाऱ्या वस्तूंस दुसरा व न मोजतां येणाऱ्या द्रव्यास पहिला लावावा, असा दंडक आहे. दूध ‘लेस’, पण आंबे ‘फ्यूअर’! आम्हां मराठी भाषिकांस दोन्हीकडे एकच ‘कमी’ पुरतो. म्हणून या भेदापायीं शाळेंत आम्हीं पुष्कळ छड्या खाल्ल्या.

हा दंडक आला कोठून? नवव्या शतकांतील आल्फ्रेड राजाच्या नांवावर असलेल्या भाषांतरांत ‘लेस’ हा संख्येसही लाविलेला आढळतो. त्या काळीं त्याच्या जोडीचें नाम षष्ठीच्या बहुवचनांत येई; ‘शब्दांपैकीं कमी’ अशा धर्तीची ती रचना होती. पुढें विभक्तिप्रत्यय झडले, ‘लेस’ मात्र राहिला. इ. स. १७७० मध्यें रॉबर्ट बेकर या गृहस्थानें, संख्येस ‘फ्यूअर’ अधिक शोभतो, असें आपलें मत नोंदविलें. तें केवळ रुचीचें मत होतें. उत्तरकालीन वैयाकरणांनीं त्याचा कायदा केला. त्याचा धाक एवढा कीं, २००८ सालीं विलायतेंतील टेस्को या दुकानदार मंडळीनें ‘लेस’ असलेली पाटी बदलून ‘दहा वस्तूंपर्यंत’ अशी लावण्याचें ठरविलें.

परीक्षेंत ‘फ्यूअर’ अवश्य लिहावा. परंतु एका गृहस्थाच्या आवडीवरून हजार वर्षांच्या वहिवाटीस अडाणीपणा म्हणणें न्यायाचें नव्हे. दुसऱ्याची चूक काढण्यापूर्वीं नियमाचें वय विचारावें, एवढेंच आमचें सांगणें.