हिवाळ्यात केबिन-बोट कशी वापरतात?

इंग्लंडच्या कालव्यांवर अनेक जण कडाक्याच्या थंडीतही छोट्या केबिन-बोटी वापरतात. हे कसं जमतं?

पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं, त्यामुळे पाइप फुटू शकतात. म्हणून बोट सोडून जाताना नळ आणि पंप रिकामे करतात. इंजिनाच्या कूलिंगच्या पाण्यात अँटिफ्रीझ असावं लागतं.

श्वासातली आणि स्वयंपाकाची वाफ गार भिंतींवर साचते, गाद्या ओलसर होतात. ऊब टिकावी म्हणून झरोके बुजवले, तर ओल वाढतेच, शिवाय जीवही धोक्यात येतो. शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. म्हणूनच तिथल्या बोट सेफ्टी स्कीमने एप्रिल २०१९ पासून केबिन-बोटींवर या वायूचा अलार्म सक्तीचा केला.

थोडक्यात, शेगडी पेटवा, पण झरोका उघडाच ठेवा.