वण, ऊन आणि काळे कापड

हातावर शस्त्रक्रिया झालेला किंवा कपाळावर टाके पडलेला विद्यार्थी प्रत्येक शाळेत कधी ना कधी असतोच. टाके काढताना डॉक्टर पालकांना बजावतात, "काही महिने वणाला ऊन लागू देऊ नका." घरी या सूचनेचा अर्थ बहुधा असा लावला जातो की, कोवळी कातडी उन्हाच्या तापाने भाजेल. त्यामुळे आभाळ आलेले असले किंवा गार वारा सुटलेला असला की सूचनेचा विसर पडतो. काही महिन्यांनी वण भोवतालच्या कातडीपेक्षा गडद दिसू लागतो. सूचना बरोबर होती. तिच्यामागचे कारण मात्र चुकीचे समजले गेले. वण काळवंडतो तो उन्हातील उष्णतेने नव्हे, तर प्रकाशाने. या दोहोंतील फरक ओळखायला शास्त्रज्ञांना बराच काळ लागला. त्याचीच ही हकिगत.

वणाचा रंग बदलतो हे निरीक्षण फार जुने आहे. सुश्रुतसंहितेत जखमेवरील उपचारांचे साठ प्रकार सांगितले आहेत. त्यांत 'कृष्णकर्म' आणि 'पांडुकर्म' असे दोन प्रकार आहेत. जखम भरल्यावर मागे राहिलेला पांढरा डाग काळसर करणे हे पहिले, तर काळा डाग फिका करणे हे दुसरे. म्हणजे वण दोन्ही तऱ्हांनी बिघडू शकतो, याची त्या वैद्यांना नीट जाणीव होती. जखमी माणसाची खोली स्वच्छ असावी, तिथे वारा आणि ऊन येऊ नये, असेही या ग्रंथात म्हटले आहे. मात्र उन्हातील नेमके काय टाळायचे, हे कळण्याचे साधन त्या काळी नव्हते.

हे साधन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मिळाले. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे न दिसणारे उष्ण किरण असतात, हे विल्यम हर्शेल यांनी 1800 साली दाखवले. पुढच्याच वर्षी जर्मनीतील योहान रिटर यांनी वर्णपटाच्या दुसऱ्या टोकाकडे लक्ष वळवले. सिल्व्हर क्लोराइड प्रकाशात काळे पडते. रिटर यांना ते जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही तिथे, अधिक वेगाने काळे पडलेले आढळले. या किरणांना पुढे 'रासायनिक किरण' म्हणू लागले. आज आपण त्यांना अतिनील किरण म्हणतो.

कातडीच्या संदर्भात पहिला लक्षणीय प्रयोग लंडनचे शल्यचिकित्सक एव्हरार्ड होम यांनी केला. काळा रंग उष्णता अधिक शोषून घेतो. मग उष्ण प्रदेशांतील लोकांना काळी त्वचा संरक्षण कशी देते, असा त्यांना प्रश्न पडला. त्यांनी आपला एक हात काळ्या कापडाने झाकला, दुसरा उघडा ठेवला आणि दोन्ही हात उन्हात धरले. कापडाखालील तापमान जास्त होते. पण उन्हाने होरपळला तो उघडा हात. हा प्रयोग 1821 साली प्रसिद्ध झाला. त्यावरून स्पष्ट झाले की कातडी जास्त तापली म्हणून होरपळते असे नाही. मग दोषी कोण?

त्याचे उत्तर स्वीडनच्या एरिक योहान विडमार्क यांनी 1889 साली दिले. विजेच्या कमानदिव्याच्या प्रकाशातून कधी उष्ण किरण, तर कधी अतिनील किरण गाळून त्यांनी उरलेला प्रकाश त्वचेवर पाडला. त्वचा लाल होते ती अतिनील किरणांमुळे, असे त्यांना आढळले.

त्यानंतर डेन्मार्कच्या निल्स फिन्सेन यांनी एक साधा प्रयोग स्वतःवरच केला. त्यांनी आपल्या हातावर काळ्या शाईचा पट्टा रंगवला आणि हात कडक उन्हात ठेवला. शाई पुसल्यावर पट्ट्याखालची कातडी गोरीच होती. दोन्ही बाजूंची मात्र लवकरच लाल झाली आणि दुखू लागली. काही दिवसांनी लाली ओसरली आणि त्या जागी तपकिरी छटा आली. मग त्यांनी तोच हात शाई न लावता पुन्हा उन्हात धरला. या वेळी लाल झाली ती पूर्वी झाकलेली गोरी कातडी. रापलेला भाग फक्त थोडा अधिक रापला. रापणे म्हणजे त्वचेने प्रकाशापासून उभारलेला बचाव होय, हे यातून दिसले.

याच विचाराने फिन्सेन यांनी 1893 साली एक धाडसी सूचना केली. देवीच्या रोग्याला तांबड्या काचा किंवा तांबडे पडदे लावलेल्या खोलीत ठेवावे, म्हणजे रासायनिक किरण त्याच्यापर्यंत पोचणार नाहीत आणि फोड बरे झाल्यावर वण राहणार नाहीत. आरंभी काही डॉक्टरांनी उत्साहवर्धक अनुभव कळवले. पुढे लंडनमध्ये अधिक काटेकोर तपासणी झाली, तेव्हा मात्र हा फायदा दिसला नाही. देवीचे खड्डे पडतात ते रोगाने त्वचेच्या खोल थरांचा नाश केल्यामुळे. त्याला प्रकाश अडवून काय होणार? फिन्सेन यांना 1903 साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते प्रकाशानेच त्वचेचा क्षयरोग बरा करण्याच्या कामासाठी. तत्त्व खरे असले तरी त्याचा प्रत्येक उपयोग वेगळा तपासावा लागतो, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण आम्हाला आठवत नाही.

आता शस्त्रक्रियेच्या वणाकडे येऊ. आपल्या बाह्यत्वचेच्या तळाशी मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी असतात. त्या आपले रंगद्रव्य शेजारच्या पेशींना पुरवतात. जखम भरत असताना तिथे जो दाह होतो, त्यातील रासायनिक पदार्थ या रंगपेशींना आधीच चेतवत असतात. त्यात अतिनील किरणांची भर पडली की मेलॅनिन प्रमाणाबाहेर तयार होते आणि वण काळवंडतो. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत हे अधिक घडते. याउलट, ज्या वणातील रंगपेशीच नष्ट झालेल्या असतात तो रापू शकत नाही. भोवतालची कातडी रापते आणि फिका वण अधिकच उठून दिसतो. सुश्रुताच्या दोन 'कर्मां'मागे हीच दोन कारणे असावीत, असे आम्हाला वाटते.

हे केवळ अनुमान आहे का? 2007 साली फिन्सेन यांच्याच डेन्मार्कमध्ये स्वयंसेवकांच्या त्वचेवरील ताज्या वणांची तुलना झाली. काही वणांवर अतिनील किरण सोडले, काहींवर नाही. किरण मिळालेले वण अधिक विद्रूप दिसले. 2010 साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगाने आणखी एक गोष्ट पुढे आणली. सावळी त्वचा केवळ अतिनील किरणांनीच नव्हे, तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होते. गोऱ्या त्वचेत तसे आढळले नाही. ही बाब आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. बाजारात मिळणारी, लावल्यावर न दिसणारी बहुतेक सनस्क्रीन मलमे दृश्य प्रकाश अडवत नाहीत. दाट विणीचे कापड तो बऱ्याच अंशी अडवते, आणि त्याला वेगळा खर्चही नाही.

म्हणून शिक्षकांनी मुलांना आणि पालकांना पुढील गोष्टी सांगाव्यात. वण पक्का व्हायला बहुधा वर्षभर तरी लागते. तोवर त्यावर लांब बाही, रुमाल किंवा टोपीची सावली असावी. आभाळ आले असतानाही अतिनील किरण बऱ्याच प्रमाणात पोचतात. चेहऱ्यासारखा भाग झाकता येत नसेल, तर जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने किमान 30 अंकाचे सनस्क्रीन लावावे. उघड्या जखमेवर ते लावू नये. झाकायचा तो वण. मुलाला घरात कोंडण्याचे कारण नाही. वणावर कागदी लिंबू तर मुळीच चोळू नये. त्यातील काही द्रव्ये उन्हाशी संयोग होताच त्वचेला फोड आणतात आणि मागे काळे डाग ठेवतात. बिब्ब्यानेही त्वचा भाजते, तेव्हा जुन्या ग्रंथांतील उपाय घरी करून पाहू नयेत.

वर्गात एक प्रयोग मात्र अवश्य करावा. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या. एक काळ्या जाड कापडात गुंडाळा, दुसरी उघडी ठेवा आणि दोन्ही काही दिवस उन्हात ठेवा. भर दुपारी दोन्हींजवळचे तापमान मोजा. कापडातील पट्टी अधिक तापते; पण पिवळी पडते ती उघडी. कागद आणि कातडी यांतील रासायनिक क्रिया वेगळ्या आहेत, हे मुलांना जरूर सांगावे. तरीही उष्णता आणि प्रकाश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे होम यांना हात होरपळून जे कळले, ते आपल्या मुलांना कातडीला धक्का न लावता कळेल.