आधी रेघ, मग सुरी

कर्करोगामुळे स्तन काढायचा आणि त्याच शस्त्रक्रियेत पोटाच्या किंवा पाठीच्या मांसातून नवा घडवायचा असं ठरलं, की सुरीच्या आधी पेन येतं. आदल्या संध्याकाळी किंवा त्या दिवशी सकाळी प्लास्टिक सर्जन बाईला उभं करून अंगावर रेघा ओढतात. गळ्याखालच्या खळगीपासून सरळ खाली मध्यरेषा, स्तनाखालच्या घडीची कमान, बेंबीखाली दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला आडवा आकार, त्यात बारीक फुल्या. आडवं झालं की स्तन काखेकडे सरकतो, घडी पुसट होते, पोट पसरतं; टेबलावर भूल दिल्यानंतर घेतलेलं माप फसतं. शाई बहुधा जेन्शियन व्हायोलेटची. तोंड आलं की लहान मुलांच्या जिभेला लावायचे तेच जांभळं औषध.

या रेघांचं कुळ शोधत मागे गेलं तर वाटेत पुण्याजवळचा एक कुंभार भेटतो.

ब्रिटिश फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी 1792 च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिलं. वर्षभर तो बिननाकाचाच हिंडला. मग पुण्याजवळच्या, विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया पाहिली होती. लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर 1794 च्या अंकात तिची हकिगत छापली. त्यात कावसजीचं चित्रही होतं, पुण्यात राहून चित्रं काढणाऱ्या जेम्स वेल्सच्या हातचं. रोग्याचं नाव कळलं, चित्रकाराचं कळलं. ज्याने नाक बसवलं त्याचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

त्या कुंभाराने पहिल्यांदा सुरी उचलली नाही. मेणाचा पातळ पत्रा घेऊन तुटक्या नाकावर हवं तसं नाक घडवलं, तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ ओढली. मग त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवली. सगळी नाही, दोन भुवयांच्या मध्ये एक देठ अखंड ठेवला. कातडी पिळून खाली वळवली, काताच्या लेपाने बसवली. देठातून रक्त येत राहिलं म्हणून ती जगली, आणि नव्या जागी रुजल्यावर, साधारण पंचविसाव्या दिवशी, देठ कापला. सुश्रुतसंहितेत मेणाच्या जागी झाडाचं पान आहे आणि कपाळाच्या जागी गाल. पान, मेण, पेन: साधनं बदलली. किती कातडी लागेल ते आधी आखायचं आणि ती कुठल्या वाटेने जगेल ते आधी ठरवायचं, ही रीत तीच राहिली.

ती हकिगत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यूने अनेक वर्षं प्रेतांवर हात बसवला. 1814 मध्ये एका लष्करी अधिकाऱ्यावर ही शस्त्रक्रिया करून 1816 मध्ये त्याने पुस्तक लिहिलं. युरोपात ती ‘भारतीय पद्धत’ म्हणूनच चालली.

नाकापासून स्तनापर्यंत यायला मात्र ऐंशीएक वर्षं गेली. इटलीत इजिनियो तान्सिनीने 1896 मध्ये स्तन काढल्यावर उरलेली उघडी जखम झाकण्यासाठी पाठीची कातडी देठासकट पुढे आणली. टोकाकडचा भाग काळा पडला. देठ तर होता, मग कातडी का मेली? शरीररचनेचा अभ्यास केल्यावर उलगडा झाला की पाठीच्या त्या कातडीला रक्त पोचतं ते खालच्या रुंद स्नायूतून. 1906 मध्ये त्याने स्नायूसकट तुकडा उचलायची पद्धत मांडली, आणि तुकडा जगला.

आणि मग विसरला गेला. बाल्टिमोरच्या विल्यम हॉलस्टेडचा तोवर दबदबा झाला होता. स्तन, छातीचे स्नायू, काखेतल्या गाठी असं सगळं एकत्र काढायचं ही त्याची शिकवण होती. देठासकट कातडी सरकवून जखम झाकणं त्याला मुळीच पसंत नव्हतं. त्या काळी ट्यूमर फार वाढल्यावर बायका येत, औषधं नव्हती, हे खरं. पण एका माणसाच्या शब्दाला इतकं वजन आलं की तान्सिनीची युक्ती सत्तर वर्षं जुन्या नियतकालिकांत पडून राहिली. 1976 मध्ये जर्मनीत ओलिव्हारीने पाठीचा तोच स्नायू पुन्हा वापरात आणला. दुसरेही फाटे फुटले होते. हायडेलबर्गच्या चेर्नीने 1895 मध्ये एका गायिकेच्या पाठीवरची चरबीची गाठ काढून तिच्या स्तनाच्या जागी बसवली होती. 1962 मध्ये ह्यूस्टनला पहिलं सिलिकॉन इम्प्लांट बसलं. ते घराणं वेगळं, त्याची कहाणीही वेगळी.

पोटावरचा आडवा आकार अलीकडचा. अटलांटाच्या कार्ल हार्ट्रॅम्पने 1982 मध्ये बेंबीखालची कातडी-चरबी पोटाच्या उभ्या स्नायूला लटकलेलीच ठेवून वर छातीवर नेण्याची पद्धत मांडली. स्तन छान होई, पण पोट दुबळं पडे, कुणाला हर्निया होई. जपानच्या कोशिमाने 1989 मध्ये दाखवलं की स्नायू न्यायची गरज नाही. त्याला भेदून वर येणारी एकदोन मिलिमीटरची रक्तवाहिनी सोडवून घेतली तरी पुरते. न्यू ऑर्लिन्सच्या रॉबर्ट ॲलनने त्यावरून स्तन घडवण्याची पद्धत 1994 मध्ये प्रसिद्ध केली. आता देठच उरला नाही. तुकडा पूर्ण तोडायचा आणि छातीतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली टाके घालून जोडायचा.

पोटावरच्या त्या फुल्या याच वाहिन्यांच्या. प्रत्येकीच्या पोटात त्या वेगळ्या जागी असतात, म्हणून आधी सीटी अँजिओग्राफी करून नकाशा पाहतात, मग डॉपलरचं टोक कातडीवर फिरवून जिथे ठोका ऐकू येतो तिथे खूण करतात. पोटावर आधीची शस्त्रक्रिया झाली असेल, तर कुठली वाहिनी शाबूत आहे ते याच तपासणीत कळतं. सगळा भरवसा एवढ्याशा वाहिनीवर, म्हणून तंबाखू काही आठवडे आधी बंद करायला सांगतात. निकोटिनने वाहिन्या आकसतात. इथे आपल्याकडच्या बायका हमखास फसतात. ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणतात आणि ते खोटंही नसतं; पण सकाळ-संध्याकाळ दातांना लावायची मिश्री तंबाखूचीच. विचारलं नाही तरी ती सांगावी.

कुठल्या बाजूचा स्तन, हे दाखवणारी बाणाची खूणही याच वेळी होते. ती खूण रुग्ण बाई जागी असताना, तिच्याकडून वदवून घेऊन करायची, ही शिस्त गेल्या काही दशकांत जगभरच्या रुग्णालयांनी अंगी बाणवली. नंतर रेडिएशन लागणार असेल तर पुनर्रचना आत्ता की पुढे, हा निर्णय मात्र पेन येण्याआधी कर्करोगतज्ज्ञासोबत बसून झालेला असावा लागतो. रेडिएशनने नवा स्तन आक्रसू शकतो. काहीच नको, छाती सपाट राहू दे, असंही कुणी ठरवते. ‘या वयात कशाला?’ हा प्रश्न मात्र नातेवाइकांनी विचारायचा नाही. ते तिने ठरवायचं.

पाठीचा स्नायू घ्यायचा असेल तर मागचा व्रण ब्रेसियरच्या पट्ट्याखाली झाकला जाईल अशी आडवी रेघ काढतात. म्हणून नेहमीची ब्रेसियर बरोबर न्यावी. ब्लाउजचा मागचा गळा खोल शिवत असाल तर तेही तेव्हाच सांगून टाकावं. रेघ दोन बोटं खाली घेता येत असेल तर ती त्याच वेळी घेता येते.