चेहऱ्याच्या फ्रॅक्चरचा सीटी स्कॅन: व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो का पुरत नाही?

जळगाव-धुळे हायवेवर बाईकवरून पडून तोंडाला जोरात मार लागला, की डॉक्टर बहुतेक वेळा चेहऱ्याचा सीटी करायला सांगतात. मग फिल्मचा फोटो निघतो आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतो. "भाऊ, तू इंजिनिअर आहेस ना, जरा बघ," म्हणून तो माझ्याकडेही येतो. मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. फ्रॅक्चर आहे की नाही हे मी सांगू शकत नाही. पण त्या फोटोत काय हरवलंय, ते सांगू शकतो.

एक्स-रे आणि सीटीत फरक काय?

एक्स-रे म्हणजे सावली. चेहऱ्याची १४ हाडं त्यात एकमेकांवर पडतात आणि बारीक तडा लपून जातो. सीटीत एक्स-रेची ट्यूब डोक्याभोवती फिरून शेकडो कोनांतून मोजमाप घेते. त्यावरून कॉम्प्युटर पावाच्या स्लाइससारखे पातळ काप तयार करतो. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड या ब्रिटिश इंजिनिअरच्या मशीनवर १९७१ मध्ये पहिल्या पेशंटचा स्कॅन झाला. १९७९ मध्ये त्यांना आणि अ‍ॅलन कॉर्मॅक यांना नोबेल मिळालं.

'विंडो' म्हणजे काय?

सीटीच्या प्रत्येक पिक्सेलला एक नंबर असतो, त्याला हाउन्सफिल्ड युनिट म्हणतात. हवा उणे १०००, पाणी ०, आणि घट्ट हाड १०००च्या आसपास किंवा त्याहून वर. फाइलमध्ये साधारण ४०९६ पातळ्या असतात, पण साधा स्क्रीन राखाडीच्या २५६ छटाच दाखवतो. म्हणून डॉक्टर हवा तेवढाच पट्टा निवडून बघतात, तीच विंडो. बोन विंडोत हाडाचा तडा दिसतो, तर सॉफ्ट टिश्यू विंडोत स्नायू आणि साचलेलं रक्त.

याने फरक काय पडतो?

डोळ्याखालचं हाड कागदासारखं पातळ असतं. आडव्या कापात ते नीट कळत नाही, समोरून घेतलेला उभा काप बघावा लागतो. लहान मुलांचं हाड लवचीक. ते दरवाजासारखं उघडून परत मिटतं आणि डोळ्याचा स्नायू आत अडकू शकतो. बाहेरून डोळा जवळजवळ नॉर्मल दिसतो, पण वर बघता येत नाही, एकाचे दोन दिसतात, उलट्या होतात. ही इमर्जन्सी आहे, इथे वेळ घालवायचा नाही.

आता हिशोब करा. ५१२ × ५१२ पिक्सेलचा एक काप साधारण अर्धा एमबी. २०० काप म्हणजे १०० एमबी. फिल्मवर त्यातले निवडक काप, ठरावीक विंडोत छापलेले. तिचा मोबाइलने काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅप अजून दाबून लहान करतं. नंबर गेले, म्हणजे विंडो बदलायची सोय गेली.

मग काय मागायचं?

• फिल्म आणि रिपोर्टसोबत स्कॅनची सीडी, पेन ड्राइव्ह किंवा लिंक मागा. फाइल 'डायकॉम' फॉरमॅटमध्ये हवी.

• पेशंटला धुळ्याहून नाशिकला किंवा मुंबईला हलवायचं असेल, तर ती सोबत द्या. तिथले सर्जन हवा तो काप, हवी ती विंडो लावून बघू शकतील.

• डायकॉम फाइलमध्ये पेशंटचं नाव आणि वय असतं. ती ग्रुपवर टाकू नका, थेट डॉक्टरांना द्या.

पुढच्या वेळी कोणी फिल्मचा फोटो पाठवला, तर त्याला एकच विचारा: "सीडी घेतली का?"